समुद्रातली टक्कर : वाट कोणाची, जबाबदारी कोणाची?

दि. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर दुपारी चारच्या सुमारास नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा माणसे प्राणास मुकली. त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा २१ नोव्हेंबरला गोव्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर 'मारथोमा' ही मासेमारी बोट आणि नौदलाची पाणबुडी यांची टक्कर झाली होती. बोटीवर तेरा जण होते. अकरा वाचले, दोघे गेले.

अशा बातम्या चार दिवस पहिल्या पानावर राहतात, मग चौकशी समिती नेमली जाते आणि विषय मागे पडतो. पण आपल्या किनारी तालुक्यांना तो मागे टाकून चालणार नाही. कोकणात एकाच घरात एक भाऊ भातशेती करतो आणि दुसरा बोटीवर खलाशी असतो. खरिपाची लावणी उरकली, नारळी पौर्णिमा झाली की तोच माणूस दर्यावर जातो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा शेतीच्या पानावर समुद्राचा विषय कशाला, हा प्रश्न आता कोणी विचारू नये.

शिवाय जहाजांची वर्दळ वाढणारच आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प. बंदर व्हावे की न व्हावे, हा वाद वेगळा आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण ज्या पाण्यात आपण डोल लावतो, ट्रॉल ओढतो, त्याच पाण्यातून तीनशे मीटर लांबीची जहाजे जाणार, ही गोष्ट न्हावा-शेवा, दिघी, जयगडच्या लोकांना जुनी आहे, डहाणू-पालघरच्या लोकांना नवी होईल. म्हणून टक्कर होते कशी, ती आधी ओळखायची कशी आणि टाळायची कोणी, हे तिन्ही प्रश्न एकदा नीट समजून घेऊ.

टक्कर फक्त बोटवाल्यांचे नुकसान करते काय?

नाही. ७ ऑगस्ट २०१० ची सकाळ आठवून पाहा. मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' हे न्हावा-शेव्याहून बाहेर पडणारे कंटेनर जहाज आणि 'खलिजिया-३' हे आत येणारे जहाज एकमेकांवर आदळले. अंधार नव्हता, दिवसाढवळ्याची गोष्ट. 'चित्रा' कलंडले. त्याच्या टाक्यांतून सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले, सुमारे तीनशे कंटेनर पाण्यात पडले. काही कंटेनरांत कीटकनाशके होती. दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. दोन्ही कप्तानांवर गुन्हे दाखल झाले.

भोगले मात्र कोणी? तेलाचा तवंग उरण-अलिबागच्या किनाऱ्याला लागला, तिवरांच्या मुळांना काळा थर बसला. गिऱ्हाइकांनी मासळी घेणे बंद केले. डिझेल-बर्फाची उधारी डोक्यावर होती, आणि ताजी मासळी टोपलीत पडून राहिली. कोळणीचा त्या टकरीशी काय संबंध होता? काही नाही. पण तोटा तिच्या पदरात पडला. किनाऱ्याला लागलेला माल उचलू नका, असे सांगायची वेळ प्रशासनावर आली. कीटकनाशकाचा रिकामा डबासुद्धा घरात वापरू नये, हे आम्ही शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगतो. इथे तर भरलेले कंटेनर पाण्यात होते.

सांगायचा मुद्दा असा, की दोन जहाजे भर समुद्रात चुकतात तेव्हा गावाचा बाजार बुडतो. म्हणून हा विषय ग्रामपंचायतीचाही आहे.

मोठे जहाज थांबत का नाही?

आपल्या मनात एक समज असतो. एवढे मोठे जहाज, एवढी यंत्रे, वर पगारी अधिकारी. तो आपल्याला पाहील आणि बाजूने जाईल. हा समज जीवघेणा आहे. हिशोब मांडून पाहू.

समुद्रात वेग 'नॉट'मध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. १८ नॉटने चाललेले जहाज ताशी ३३ किलोमीटरने येते. म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या एस.टी. एवढा वेग. ऐकायला काहीच नाही. पण एस.टी.ला ब्रेक आहेत, जहाजाला नाहीत. इंजिन उलटे फिरवून वेग मारावा लागतो. नव्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय कसोटी अशी आहे, की पूर्ण वेगातून उलटे इंजिन लावल्यावर जहाज आपल्या लांबीच्या पंधरा पटीत थांबले पाहिजे. फार अवजड जहाजांना त्याहूनही सवलत आहे. तीनशे मीटरचे जहाज धरा. पंधरा पट म्हणजे साडेचार किलोमीटर. इथे 'ब्रेक' दाबला तर थांबणार पलीकडच्या गावात.

आता दुसरा आकडा. १२ मीटरपेक्षा मोठ्या, पण ५० मीटरपेक्षा लहान मासेमारी बोटीवर मासेमारीच्या ज्या खुणेच्या बत्त्या लागतात, त्या किमान दोन सागरी मैलांवरून दिसाव्यात असा नियम आहे. दोन सागरी मैल म्हणजे ३.७ किलोमीटर. जहाजाला थांबायला साडेचार लागू शकतात आणि तुमची बत्ती दिसते ३.७ वर! म्हणजे त्याने तुम्हाला पाहताक्षणी इंजिन उलटे लावले तरी तो तुमच्यापर्यंत थांबेलच असे नाही. वळूनच वाचवावे लागते. १८ नॉटने हे अंतर कापायला सात मिनिटेही लागत नाहीत. तुम्ही स्वतः सात नॉटने त्याच्या समोर जात असाल तर पाच मिनिटेही नाहीत.

तिसरी गोष्ट नजरेची. ट्रॅक्टरवर बसलेल्याला बॉनेटच्या पुढची जमीन दिसत नाही, तसेच जहाजाचे. वर कंटेनर रचलेले असले की पुढच्या नाळेसमोरचे पाणी झाकले जाते. नियम सांगतो, की हा न दिसणारा पट्टा जहाजाच्या दोन लांबींपेक्षा किंवा ५०० मीटरपेक्षा, यांत जे कमी असेल त्यापेक्षा जास्त नसावा. म्हणजे पाचशे मीटरपर्यंतचा आंधळा पट्टा नियमातच बसतो! लहान होडी त्या पट्ट्यात शिरली की वरच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती नाहीच.

रडार तरी दाखवील ना? लोखंडी जहाज रडारवर ठळक उमटते. लाकडी किंवा फायबरची बोट फिकी उमटते आणि दर्या खवळलेला असला की लाटांच्या ठिपक्यांत हरवून जाते. तेव्हा 'त्याच्याकडे रडार आहे' यावर आपला जीव टांगू नये.

टक्कर आधी ओळखायची कशी?

वाचकहो, याची रीत सोपी आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. तुम्ही मोटारसायकलवर सरळ रस्त्याने चौकाकडे चालला आहात. उजवीकडच्या रस्त्याने एक ट्रॅक्टर त्याच चौकाकडे येतो आहे. तुमचा वेग तोच, त्याचाही तोच. आता तो ट्रॅक्टर तुम्हाला मागे मागे सरकताना दिसला तर तुम्ही आधी निघून जाल. पुढे पुढे सरकताना दिसला तर तो आधी जाईल. पण तो एकाच जागी खिळल्यासारखा दिसत राहिला आणि नुसता मोठा होत गेला, तर तुम्ही दोघे चौकात एकाच क्षणी पोचणार.

समुद्रात हाच नियम आहे. समोरच्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर होणार असेच धरायचे. बोटीचे तोंड उत्तरेला आहे आणि जहाज उजवीकडे ६० अंशांवर दिसते, असे समजा. तीन मिनिटांनी पाहिले, ६०. आणखी तीन मिनिटांनी, ५९. हा धोका आहे. त्याऐवजी ६०, ६५, ७१ असा फरक पडत गेला तर ते तुमच्या मागून निघून जाईल.

हातात धरायचे होकायंत्र नसेल तरी अडत नाही. कॅबिनच्या दाराशी एका ठरलेल्या जागी उभे राहा. जहाज डोलकाठीच्या किंवा कॅबिनच्या खांबाच्या रेषेत कुठे दिसते ते धरून ठेवा. मात्र तांडेलाने बोटीचे तोंड तेवढा वेळ हलू देता कामा नये. तोंड हलले की सगळा अंदाज चुकतो. नांगरलेल्या बोटीचे तोंड वारा-भरतीबरोबर फिरते, म्हणून तिथे होकायंत्रच वापरा.

एक सावधगिरी. जहाज फार मोठे असेल, अगदी जवळ आले असेल किंवा मागे दुसरे काही ओढत असेल, तर दिशा बदलत असूनही धोका राहतो. नाळ चुकली तरी मागचा भाग किंवा ओढणीचा दोर लागतो.

रात्री बत्त्या बोलतात. प्रत्येक यांत्रिक जहाजाच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवी बत्ती असते. पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला दोन पांढऱ्या बत्त्या, पुढची खाली आणि मागची वर. नुसती लाल दिसली तर ते तुमच्या डाव्या हाताकडे चालले आहे. नुसती हिरवी दिसली तर उजव्या हाताकडे. लाल आणि हिरवी दोन्ही एकदम दिसल्या आणि दोन पांढऱ्या एकावर एक उभ्या दिसल्या, तर जहाजाचे तोंड सरळ तुमच्यावर आहे. मग विचार करत बसू नका, हला!

नियम काय सांगतो?

समुद्रातील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. भारतालाही ते बंधनकारक आहेत. त्यातले आपल्या कामाचे एवढेच :

पहिले, प्रत्येक बोटीवर डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा हवा. जहाज असो की होडी, यातून कोणाला सूट नाही.

दुसरे, समोरासमोर आलात तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचे. रस्त्यावर आपण डाव्या बाजूने चालतो, समुद्रात उलटे आहे. अरुंद चॅनेलमध्येही उजव्या काठाने जायचे. नव्या खलाशाच्या डोक्यात हे आधी बसवावे लागते, कारण हात सवयीने डावीकडे जातो.

तिसरे, वाटा छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे त्याने वाट द्यायची. रात्री लक्षात ठेवायला सोपे : उजवीकडे लाल दिसली तर तुम्ही थांबा किंवा वळा. डावीकडे हिरवी दिसली तर वाट द्यायचे काम त्याचे.

चौथे, मागून येऊन ओलांडणाऱ्याने सांभाळून जायचे. मग तो कोणीही असो.

पाचवे, आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे : प्रत्यक्ष मासेमारी करत असलेल्या बोटीला यांत्रिक जहाजाने वाट दिली पाहिजे. ट्रॉलवाल्याची खूण हिरवीखाली पांढरी बत्ती, इतर जाळ्यांची खूण लालखाली पांढरी.

इथे आपल्याकडे दोन गैरसमज आहेत. एक म्हणजे मासेमारी बोट आहे म्हणून वाट नेहमी आपलीच. तसे नाही. जाळे पाण्यात असून त्यामुळे बोट वळवता येत नसेल, तेव्हाच हा हक्क. जाळे आत घेऊन बंदराकडे निघालात की तुम्ही इतरांसारखेच यांत्रिक जहाज. दुसरा गैरसमज म्हणजे हा हक्क सगळीकडे चालतो. तोही नाही. अरुंद चॅनेलमध्ये आणि नकाशावर आखलेल्या जहाजांच्या मार्गिकेत मासेमारी बोटीने जाणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नाही, असे तेच नियम सांगतात. बंदराच्या चॅनेलमध्ये डोल लावून मग नियमाकडे बोट दाखवता येणार नाही.

पण जहाजवाल्यांनाही या नियमांनी मोकळे सोडलेले नाही. भर समुद्रात, मार्गिकेच्या बाहेर, जाळे ओढणाऱ्या बोटीला चिरडून जाणारा कप्तान 'दिसलीच नाही' म्हणून सुटत नाही. पहारा ठेवणे हेच त्याचे पहिले काम होते. टक्कर झाल्यावर थांबून मदत करणे आणि आपल्या जहाजाचे नाव सांगणे हे तर कायद्याने त्याचे कर्तव्य आहे.

टाळायची रीत : लवकर, ठळक आणि तपासून

टकरींच्या इतिहासात २५ जुलै १९५६ ची रात्र प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, नॅन्टकेट बेटाच्या परिसरात, 'आंद्रेया डोरिया' हे इटलीचे प्रवासी जहाज धुक्यातून चालले होते. समोरून 'स्टॉकहोम' हे स्वीडिश जहाज येत होते. दोघांकडे रडार होते, दोघांनी एकमेकांना रडारवर लांबून पाहिले होते. तरीही दोघांनी समोरच्याबद्दल आपापला अंदाज बांधला. एक डावीकडे वळले, दुसरे उजवीकडे, आणि दोघे एकाच जागी आले. एक्कावन्न माणसे गेली. 'आंद्रेया डोरिया' दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले.

म्हणून आजचा नियम स्पष्ट सांगतो, की अपुऱ्या माहितीवर, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवर, तर्क करू नये. शंका असेल तर धोका आहे असेच समजावे. पीक पाहणीतही आम्ही हेच सांगतो. एका पानावरून रोग ठरवू नका आणि शंका आली तर दुर्लक्षही करू नका.

वळायचे तर भरपूर आधी वळा. ट्रॉल ओढताना जाळे आत घ्यायला वेळ लागतो, तेव्हा तुमचा निर्णय इतरांपेक्षा आधी झाला पाहिजे. आणि वळण ठळक असावे. पाच-पाच अंश तीनदा वळलात तर समोरच्याला काही कळतच नाही. एकदम तीस अंश किंवा अधिक वळा, म्हणजे रात्री त्याला तुमच्या बत्तीचा रंगच बदललेला दिसेल. वळायला जागा नसेल तर वेग मारा. नंतर ते जहाज पूर्ण मागे पडेपर्यंत नजर काढू नका.

भोंग्याची भाषाही सगळ्यांना पाठ असावी. एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतो, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझे इंजिन उलटे चालले आहे. पाच किंवा जास्त छोटे आवाज भरभर झाले तर अर्थ असा, की तुझे काय चालले आहे ते मला कळत नाही. मोठ्या जहाजाने पाच आवाज दिले की समजावे, तो घाबरला आहे.

वाट तुमची असेल तर आधी मार्ग आणि वेग तसाच ठेवायचा, म्हणजे समोरच्याला अंदाज येतो. पण तो हलत नाही असे दिसले तर तुम्ही हलू शकता. आणि आता त्याच्या एकट्याच्या वळण्याने भागणार नाही असे झाले तर तुम्ही हललेच पाहिजे, असाही नियम आहे. आपला हक्क म्हणून जागेवर अडून राहणे नियमात बसत नाही. बांधाच्या वादात हक्कासाठी कोर्टात जाता येते. समुद्रात त्या वादाचा निकाल सात मिनिटांत लागतो आणि त्यावर अपील नसते.

यंत्रे आली, पहारा सुटू नये

सरकारने ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्याच कार्यक्रमात मासेमारी बोटींसाठी ट्रान्सपाँडर योजना देशभर सुरू केली. तेरा किनारी राज्ये-केंद्रशासित प्रदेशांत टप्प्याटप्प्याने एक लाख बोटींना उपग्रहावर चालणारे यंत्र बसवायचे, असे ठरले. मोबाइलची रेंज नसली तरी बोटीवरून किनाऱ्याला निरोप देता येतो, संकटात सुटकेला मदत होते. योजना चांगली आहे आणि ज्यांना यंत्र मिळते त्यांनी ते बंद करून ठेवू नये.

परंतु त्याचे मुख्य काम बोट आणि किनारा यांच्यातले आहे. समोरून येणाऱ्या जहाजाला आपण दिसावे यासाठी वेगळे यंत्र असते, ते ए.आय.एस. परदेशी फेऱ्या करणाऱ्या तीनशे टनांवरच्या जहाजांना ते सक्तीचे आहे. २६/११ च्या हल्ल्यानंतर आपल्याकडे वीस मीटरपेक्षा लांब बोटींनाही ते लावण्याचे ठरले. आपल्या पुष्कळशा बोटी त्याहून लहान, म्हणजे याच्या बाहेर. त्यांच्यासाठी डोलकाठीवर उंच बांधलेला धातूचा रडार परावर्तक हा स्वस्त उपाय आहे. त्याने रडारवरची फिकी खूण ठळक होते.

मार्ग वेगळे करण्याचा उपायही आहे. १ ऑगस्ट २०२० पासून देशाच्या नैऋत्य समुद्रात मालवाहू जहाजांसाठी मार्ग आखून देण्यात आले, ते मासेमारी बोटींशी होणाऱ्या टकरी कमी व्हाव्यात म्हणूनच. वाढवणच्या बाबतीत हा मुद्दा बंदर उभे राहण्याआधी सुटला पाहिजे. चॅनेल कुठून जाणार, जहाजे कुठे नांगरणार, कवी कुठे लावता येणार नाहीत, हे मच्छीमार संस्थांना मराठी नकाशासह सांगायला हवे. हद्द न दाखवता हद्दभंगाचा दंड करणे म्हणजे मोजणी न करता अतिक्रमण काढण्यासारखे आहे.

गावाने काय करावे?

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि मच्छीमार सहकारी संस्थांचे चेअरमन यांनी हंगामापूर्वी एक बैठक घ्यावी. पुढील बाबी तपासाव्यात :

१. प्रत्येक बोटीवर लाल-हिरव्या बत्त्या आणि मासेमारीच्या खुणेच्या बत्त्या चालू आहेत का? कामाचे मोठे दिवे या बत्त्यांना झाकत तर नाहीत? झगझगीत उजेडात बाहेरचा आपल्याला ओळखत नाही आणि आपल्यालाही अंधारातले दिसत नाही.

२. रात्री सगळे झोपलेत आणि बोट ट्रॉल ओढते आहे, असे होता कामा नये. पहाऱ्याच्या पाळ्या नाखवाने लावून द्याव्यात. खलाशी नवखा किंवा परभाषिक असेल तर दिशाकोनाची आणि बत्त्यांची रीत त्याला किनाऱ्यावरच शिकवावी.

३. वायरलेस संच चॅनेल १६ वर चालू ठेवावा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाला पाठ असावा.

४. कोण कोणत्या बोटीवर आहे याची यादी संस्थेकडे आणि एक प्रत ग्रामपंचायतीत असावी. माणूस बेपत्ता झाला तर हीच यादी पहिला पुरावा ठरते. प्रेत न मिळाल्यास मृत्यू गृहीत धरायला कायद्याने सात वर्षांचा काळ सांगितला आहे. कागद नसतील तर त्या बाईची फरफट होते.

५. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वास अडीच लाख रुपये मिळतात. खलाशांची नोंद झाली आहे का, हे नाखवावर न सोडता गावाने पाहावे.

६. एखादे जहाज जाळे तोडून किंवा बोटीला घासून गेले, तर वेळ, जीपीएसवरचे ठिकाण, जहाजाचा रंग, नाव आणि मागच्या बाजूस लिहिलेला सात आकडी आय.एम.ओ. क्रमांक टिपून घ्यावा आणि किनाऱ्याला लागताच सागरी पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. 'एक मोठे जहाज होते' एवढ्यावर भरपाई मिळत नाही.

सरकारकडे मागण्या जरूर कराव्यात. बंदर खात्याने चॅनेलवर गस्त ठेवावी, प्रवासी बोटींच्या वाटेत वेगाच्या चाचण्या होऊ नयेत, लहान बोटींना परावर्तक अनुदानावर मिळावेत, या मागण्या रास्त आहेत. पण त्या मंजूर होईपर्यंत समुद्र थांबणार नाही. येत्या हंगामात बोट पाण्यात ढकलण्यापूर्वी तांडेलाने एका संध्याकाळी सगळ्या खलाशांना बंदरावर उभे करावे आणि येणारे-जाणारे एखादे जहाज दाखवून दिशा मोजायला लावावी. तीन-तीन मिनिटांनी तीनदा. अर्धा तासही लागणार नाही, आणि डिझेलचा एक थेंबही खर्च होणार नाही.